स्वस्त संवेदक आणि विहिरीचे पाणी

तणनाशकांचे अंश ओळखणारा स्वस्त संवेदक तयार झाल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ‘अब्जांश मात्राही ओळखतो’ हे वाक्य तिच्यात हमखास असते. बातमी बहुधा खोटी नसते. पण शिक्षकाने विचारावा असा प्रश्न तिच्यात क्वचितच सापडतो. त्यासाठी कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या शिवारातली एखादी विहीर डोळ्यांसमोर आणू या. शेजारी मका, पलीकडे कापूस, खाली बेसाल्टचा खडक.

विहिरीचा व्यास ५ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर धरली, तर पाणी झाले सुमारे ९८ हजार लिटर. मक्यात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅट्राझिनची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकानुसार लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे अख्ख्या विहिरीत ०.२ ग्रॅमहून किंचित कमी! ५० टक्क्यांची पूड असेल तर जेमतेम चिमूटभर. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) युरोपात हीच मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे.

एवढे थोडे कसे ओळखायचे? एक युक्ती खरोखर सुंदर आहे. अ‍ॅट्राझिन प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. मग हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेचा अधिक भाग लाल प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. शेवाळाच्या पेशी, एक निळा दिवा, लाल गाळणी आणि प्रकाश मोजणारा छोटा घटक एवढ्यावर हा संवेदक उभा राहतो.

पण डायुरॉनही तीच वाट अडवते. त्यामुळे लाल प्रकाश वाढला तरी दोषी कोण, ते कळत नाही. उलट ग्लायफोसेट अमिनो आम्ले तयार करणाऱ्या एका विकरावर घाला घालते. त्याच्यापुढे हा संवेदक जवळजवळ आंधळा. आणि कापसाच्या भागात ग्लायफोसेटचा प्रश्न मोठा आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे विनापरवाना बियाणे जाहीरपणे पेरले होते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. तरीही वर सांगितलेल्या मानकाच्या कीटकनाशकांच्या तक्त्यात ग्लायफोसेटला मर्यादाच दिलेली नाही. मग संवेदकाने आकडा दिला तरी तो कशाशी ताडून पाहायचा?

रंग बदलणाऱ्या ‘कीटकनाशक चाचणी’च्या पट्ट्यांबद्दलही गैरसमज आहे. त्यांतील पुष्कळशा पट्ट्या कोलिनेस्टरेज या विकराच्या अवरोधावर चालतात. त्या मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके पकडतात, तणनाशके नव्हेत. पट्टीने ‘काही नाही’ म्हटले की माणूस निर्धास्त होतो, हा धोका मला यंत्र नसण्यापेक्षा मोठा वाटतो.

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर आधारलेल्या संवेदकांची अडचण वेगळी. विषारी रेणू चिकटले की कण गोळा होतात आणि तांबडा रंग निळसर होतो. मात्र बेसाल्टमधल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात, आणि तेही हेच कण गोळा करतात. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात मिळवलेली अब्जांशाची कीर्ती इथे टिकेलच असे नाही. कॅल्शियम ग्लायफोसेटलाही धरून ठेवते. जड पाण्यात फवारा कमी लागू पडतो, हे कित्येक शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

किमतीचा हिशेबही अर्धाच सांगितला जातो. पट्टी स्वस्त असते. पण नमुना संहत करण्याची नळी, मिथेनॉल, तुलनेसाठी लागणारे प्रमाण द्रावण यांचा खर्च बातमीत नसतो.

यावरून हे संवेदक निरुपयोगी ठरत नाहीत. शंभर विहिरींतून संशयास्पद दहा निवडायला ते फार उपयोगी पडतील. मग त्या दहांचेच नमुने महागड्या यंत्राकडे पाठवता येतील. त्याआधी एक साधी परीक्षा हवी. त्याच विहिरीच्या पाण्याचे दोन भाग करावेत, एकात अ‍ॅट्राझिनची ठरावीक मात्रा मिसळावी, आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे न सांगता संवेदकासमोर ठेवावे. नमुना पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्यावा, उन्हाळ्यातला चालणार नाही. गावात कोणी ‘सर, हे पाणी प्यावे का?’ असे विचारले, तर या परीक्षेचा निकाल हाती असल्याशिवाय पट्टीच्या रंगावरून मी तरी होकार देणार नाही.