रॉबिन्सचा नळी-सिद्धान्त : एक परीक्षण

बंदुकीच्या नळीची लांबी आणि गोळीचा वेग यांचा संबंध गणिताच्या कक्षेत आणण्याचे श्रेय बेंजामिन रॉबिन्स (१७०७–१७५१) या इंग्रज गणितज्ञाच्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ (१७४२) या ग्रंथास दिले जाते. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ मध्ये त्याचे विस्तृत टीकेसह जर्मन भाषांतर केले, यावरून त्याची योग्यता ध्यानात येते. रॉबिन्सचे अखेरचे दिवस ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत गेले व कडलूरनजीक फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचे निधन झाले. ग्रंथातील गणित प्रयोगाशी जुळले, हे निर्विवाद आहे. ते का जुळले, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

रॉबिन्सची गृहीते दोन. सर्व दारू गोळी हलण्यापूर्वीच वायुरूप होते. आणि त्या वायूचा दाब व्यापलेल्या जागेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दारूपासून निघणारा थंड वायू तिच्या आकारमानाच्या सुमारे २४४ पट भरतो, असे त्याने मोजले. तापलेल्या लोखंडाइतक्या उष्णतेने त्याचा दाब चौपट होतो असे धरून आरंभीचा दाब वातावरणाच्या हजारपट ठरविला. यावरून वेगाचा वर्ग हा नळीची एकूण लांबी व दारूने व्यापलेली लांबी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात येतो. ४५ इंच लांब व पाऊण इंच व्यासाच्या नळीत दारू २ ५/८ इंच जागा व्यापत असेल, तर वेग सेकंदास १६६८ फूट निघतो. टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून त्याच्या झोक्यावरून रॉबिन्सने वेग मोजले, ते या गणिताच्या निकट आले.

या सूत्राचा खरा लाभ असा की, लांबी वाढविण्याचे फळ उत्तरोत्तर कमी होत जाते, हे त्यातून प्रथमच आकड्यांनी दिसते. वरील नळी निम्मी केली, तर वेग सुमारे १४५० फुटांवर येतो. दुप्पट केली, तर जेमतेम १८६० फुटांपर्यंत चढतो.

परंतु गृहीतांची छाननी केल्यास चित्र पालटते. या उदाहरणात दारूचे वजन गोळीच्या निम्मे आहे. गोळीमागून धावणाऱ्या वायूलाही गती द्यावी लागते; त्यासाठी दारूच्या वजनाचा एक-तृतीयांश भाग गोळीत मिळविण्याची रूढ पद्धत अवलंबिली, तर एवढ्यानेच वेग सुमारे शेकडा सात-आठ कमी होतो. गोळी व नळी यांमधील फटीतून निसटणारा वायू, घर्षण आणि प्रसरणाबरोबर होणारी वायूची थंडावण ही निराळीच. या साऱ्या उपेक्षांमुळे गणिती वेग फाजील यावयास हवा होता. तो आला नाही. कारण ज्वलनाचे उष्णतामान तापलेल्या लोखंडाहून पुष्कळच अधिक असते, आणि हजारपट दाब हा अंदाज तितकाच तोकडा होता. चार्ल्स हटन याने वुलिच येथील प्रयोगांवरून पुढे हा दाब जवळजवळ दुप्पट ठरविला. म्हणजे एका दिशेची चूक दुसऱ्या दिशेच्या चुकांनी भरून निघाली. उत्तर बरोबर आले म्हणून गृहीते सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही.

याची प्रचीती लांबीच्या नियमातच येते. हटनच्या तोफांवरील निष्कर्षानुसार वेग हा लांबीच्या वर्गमुळाहून कमी, पण घनमुळाहून अधिक प्रमाणात वाढतो. रॉबिन्सच्या ४५ इंची नळीसाठी त्याचेच सूत्र घनमुळाहूनही मंद वाढ दाखविते. दारूचे प्रमाण व ज्वलनाची गती बदलली की लांबीचे मोलही बदलते. सबब, दोहोंपैकी कोणताही नियम सर्व नळ्यांना लागू पडणारा नव्हे. शिवाय रॉबिन्सच्या सूत्रात वेगवाढीला अंतच नाही. प्रत्यक्षात घर्षण दाबावर मात करू लागले की वेग घटू लागतो; .२२ लाँग रायफल काडतुसात ही मर्यादा सामान्यतः १६ ते २० इंचांच्या सुमारास येते.

आट्यांच्या नळीविषयी मात्र रॉबिन्सची दृष्टी अधिक निर्दोष होती. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने आट्यांचा गुण गोळीच्या दिशास्थैर्यात शोधला, वेगात नव्हे. आधुनिक गणित त्यास पुष्टी देते. नळीच्या व्यासाच्या ३० पट अंतरात एक फेरा घेणाऱ्या भरीव, दंडगोल गोळीच्या फिरण्यात तिच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या शेकडा सुमारे अर्धा भागच खर्च होतो. समान लांबीच्या दोन रायफलींत वेगाचा फरक पडतो, तो आट्यांच्या पिळापेक्षा नळीचा आतील व्यास, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि काडतुसाच्या घराचे आकारमान यांमुळे अधिक.

रॉबिन्सच्या ग्रंथाचे मोल त्याच्या १६६८ या आकड्यात नाही. नळी हे मोजता येण्याजोगे यंत्र आहे, हे त्याने दाखविले. आणि मोजण्याचे जे साधन त्याने निर्माण केले, त्याच जातीच्या साधनाने हटनला त्याच्या सिद्धान्ताची मर्यादा दाखविता आली. शास्त्रीय ग्रंथाच्या वाट्याला याहून मोठे यश क्वचितच येते.