भिंतीवरचा मोंगा खान

पीटर ड्रू हा ॲडलेडचा चित्रकार. 2015 साली त्याने निर्वासितांच्या बाजूने एक पोस्टर छापलं आणि स्वतः गावोगाव जाऊन भिंतींवर डकवलं. खरे ऑस्ट्रेलियन येणाऱ्याचं स्वागत करतात, असा त्याचा आशय. हेतू निर्मळ, पण सूर मास्तरांचा. वाचणाऱ्याला वाटावं, मग मी काय खोटा? 2016च्या पोस्टरमधून हा सूर गळून पडला, आणि माझ्या मते खरी कलाकृती तिथे जन्मली.

वर एका माणसाचा जुना फोटो. फेटा, मिशा, अंगात कोट. खाली ठळक अक्षरांत एकच शब्द, ‘ऑसी’. विनंती नाही, आकडेवारी नाही, सहिष्णुतेचं प्रवचन नाही. फेटेवाल्याच्या चेहऱ्यावर कुणाची मान्यता मागत असल्याचा भाव तर मुळीच नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून शब्दावर उतरते, अडखळते, पुन्हा वर जाते. ‘हा? ऑसी?’ हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो, आणि ऑस्ट्रेलियन माणसाचा रंग आपण मनात आधीच ठरवून टाकला होता, हेही त्याचं त्यालाच उमगतं. ड्रू त्याला काहीही शिकवायला जात नाही.

फोटोचा इतिहास कळला की चित्र आणखी गहिरं होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेला मोंगा खान व्हिक्टोरियात फिरून माल विकायचा. गोऱ्यांखेरीज इतरांना दारातच अडवण्यासाठी 1901च्या कायद्याने श्रुतलेखनाची परीक्षा आणली होती, तीही अधिकारी सांगेल त्या भाषेत. (1934मध्ये एगॉन किश या बहुभाषी लेखकाला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये नापास केलं गेलं!) मायदेशी जाऊन परत येऊ पाहणाऱ्या जुन्या रहिवाशाला या परीक्षेतून सूट मिळवावी लागे. त्या दाखल्यासाठी काढलेला हा 1916चा फोटो. अशा दाखल्यांवर हाताचे ठसेही घेत. म्हणजे कॅमेरा रोखला गेला होता तो संशयाने. ड्रूने तोच चेहरा फायलीतून काढून चौकात लावला आणि पुराव्याचा फोटो बघता बघता व्यक्तिचित्र झाला.

एक गोष्ट मात्र खटकते. खान फार देखणा आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात अशा हजारो लोकांचे फोटो आहेत, त्यांतून चित्रकाराचा डोळा रुबाबावर थबकावा हे स्वाभाविकच. पण रात्रपाळी करून घरी निघालेल्या, दाढी वाढलेल्या, ओशाळलेल्या चेहऱ्याखाली हाच शब्द छापला असता, तर बघणारा किती वेळ थांबला असता?