पीएचडीचा फॉर्म भरण्याआधी या तीन डॉक्युमेंटरी बघा



नेट, सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, संशोधनाची आवड वाटेल अशी एखादी फिल्म सांगा ना." आवड लावणाऱ्या फिल्म ढीगभर आहेत. आकाशगंगा, भारदस्त निवेदन आणि शेवटी टाळ्या. पण टाळ्यांआधीची वर्षं कशी जातात, हे त्यात क्वचितच दिसतं. पीएचडी म्हणजे तर मुख्यतः तीच वर्षं. म्हणून मी या एकाच कसोटीवर तीन डॉक्युमेंटरी निवडल्या. तिन्ही इंग्रजीत आहेत, सबटायटल लावून बघा.

१. पार्टिकल फीव्हर (२०१३)

सर्न इथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरची ही गोष्ट. दिग्दर्शक मार्क लेव्हिन्सन स्वतः भौतिकशास्त्रात पीएचडी आहे, त्यामुळे विज्ञान कुठेही बाळबोध होत नाही. १० सप्टेंबर २००८ ला यंत्रात पहिल्यांदा प्रोटॉनचा झोत फिरतो, सगळे नाचतात. नऊच दिवसांत हेलियमची गळती होते आणि यंत्र वर्षभराहून जास्त काळ बंद पडतं. माझ्या मते फिल्मचा गाभा इथे आहे, ४ जुलै २०१२ च्या हिग्ज बोसॉनच्या घोषणेत नाही. सगळं जग बघत असताना फसणं आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला येणं, हे बघण्यासारखं आहे.

त्रुटीही सांगते. हजारो लोकांच्या कामातून फिल्मने मोजकेच चेहरे निवडलेत. रात्रभर कोड तपासणारे पीएचडीचे विद्यार्थी जवळपास दिसतच नाहीत. म्हणजे नेमके आपण!

२. नॅचरली ऑब्सेस्ड (२००९)

ती उणीव ही तासाभराची फिल्म भरून काढते. कोलंबिया विद्यापीठातली लॉरेन्स शपिरो यांची लॅब, तीन पीएचडी विद्यार्थी आणि एएमपीके नावाचं प्रथिन. पेशीतली ऊर्जा कमी झाली की ते ओळखणारं हे प्रथिन. त्याची रचना कळायला आधी त्याचे स्फटिक वाढवावे लागतात, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. स्फटिक चांगला नसेल तर डेटा नाही, डेटा नाही तर पेपर नाही. शिवाय त्याच प्रथिनामागे इतर लॅबही लागलेल्या.

मी ही फिल्म तिसऱ्या वर्षात बघितली. सात महिने माझा एकच प्रयोग फसत होता आणि आपण या कामाच्या लायकीचेच नाही, असं पक्कं वाटायला लागलं होतं. घरी फोन आला की "चाललंय" एवढंच सांगायचे. फिल्ममध्ये रॉब टाउनलीची तीच अवस्था बघून प्रयोग काही सुधारला नाही, पण फसणं हा कामाचाच भाग आहे हे डोक्यात शिरलं. पुढे रॉबला यश मिळतं, २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर येतो.

तरी एक शंका उरते. रॉबला स्फटिक मिळालाच नसता, तर ही फिल्म आपल्यापर्यंत आली असती का? म्हणून बघताना फक्त रॉबकडे नाही, बाकीच्या दोघांकडेही लक्ष द्या. सगळ्यांची वाट एकाच जागी पोचत नाही, आणि न पोचणारे कमी हुशार असतात असंही नाही.

३. पिक्चर अ सायंटिस्ट (२०२०)

प्रयोग फसणं एक वेळ सोसता येतं. लॅबमधली माणसंच त्रास देत असतील तर? एमआयटीच्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांनी टेप घेऊन लॅबची जागा मोजली आणि स्त्रियांना कमी जागा मिळते हे आकड्यांनी दाखवलं. १९९९ मध्ये एमआयटीने अहवाल काढून भेदभाव मान्य केला. भूवैज्ञानिक जेन विलेनब्रिंग यांचा अंटार्क्टिकात त्यांच्याच गाईडने छळ केला. त्याची तक्रार त्यांना २०१६ मध्ये करता आली, स्वतःची नोकरी पक्की झाल्यावर. तोवर साधारण १७ वर्षं गेली होती.

ही फिल्म अमेरिकेतल्या विद्यापीठांपुरती राहते. जात, भाषा, गाव यांवरून आपल्याकडे जे घडतं ते तिच्यात सापडणार नाही. पण गाईडच्या हातात विद्यार्थ्याचं किती काय असतं, ते मात्र स्पष्ट दिसतं. मुलांनीही ही फिल्म बघावी, किंबहुना आधी मुलांनीच.

तिन्ही बघून झाल्यावर एक काम करा. ज्या लॅबमध्ये जायचंय तिथल्या सीनियरला चहाला न्या. "पेपर किती आले?" हे गाईडच्या प्रोफाईलवर सापडेल. तुम्ही हे विचारा: "काम अडलं तेव्हा सर किंवा मॅडम कसे वागले? आणि पीएचडी अर्धवट सोडून कोण गेलं, का गेलं?" उत्तर देण्याआधी सीनियर किती वेळ गप्प बसतो, त्यावरूनही बरंच कळेल. फॉर्म त्यानंतर भरा.