इंग्रजीतील आज्ञार्थी वाक्य : रूप, हेतू आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

सारांश :
शालेय इंग्रजी व्याकरणात आज्ञार्थी वाक्याची ओळख आज्ञा, विनंती, उपदेश आणि प्रार्थना अशा अर्थांच्या यादीतून करून दिली जाते. या यादीमुळे वाक्याचे रूप आणि बोलणाऱ्याचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. मराठीत आदराची पातळी क्रियापदाच्या रूपातच व्यक्त होते. इंग्रजीत ती रूपाबाहेरून आणावी लागते. हा भेद न शिकवल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही उद्धट ठरते. प्रस्तुत लेखात प्रचलित मांडणीची चिकित्सा करून मातृभाषेच्या आधारे अध्यापनाची एक दिशा सुचवली आहे.

बीजशब्द : आज्ञार्थ, विध्यर्थ, निर्देश, सौजन्य, भाषांतर पद्धती, द्वितीय भाषा अध्यापन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात इ.स. २००० पासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जाऊ लागला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकवला जात असे. इंग्रजीशी विद्यार्थ्याचा परिचय असा चार वर्षे अलीकडे आला. वर्गात त्याच्या कानावर पडणारी पहिली इंग्रजी वाक्ये बहुधा आज्ञार्थी असतात : 'स्टँड अप', 'सिट डाउन', 'ओपन युअर बुक'. तरीही पदवीच्या वर्गात आलेला हाच विद्यार्थी प्राचार्यांना अर्ज लिहिताना 'गिव्ह मी लीव्ह फॉर टू डेज' असे लिहितो. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मात्र वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते आणि दोष विद्यार्थ्याच्या संस्कारांवर ढकलला जातो.

हा दोष संस्कारांचा नसून अध्यापनाचा आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विद्यार्थ्याच्या मनात 'मला दोन दिवसांची रजा द्या' हे वाक्य होते. मराठीत ते पुरेसे आदरयुक्त आहे, कारण 'दे' ऐवजी 'द्या' म्हटल्याने आदर व्यक्त झालाच. भाषांतर होताना शब्द पोहोचले, आदर मात्र वाटेत गळून पडला. तो कोठे गळाला, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

२. प्रचलित व्याख्येची चिकित्सा

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने आपल्याकडे अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. त्यात व त्याच्या वळणावर तयार झालेल्या मार्गदर्शिकांत आज्ञार्थाचे विवेचन अर्थानुसार येते : आज्ञा, आर्जव, प्रोत्साहन, प्रार्थना इत्यादी. ही यादी चुकीची नाही. परंतु ती व्याख्या म्हणून उपयोगी पडत नाही. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, यादीतील अर्थ आज्ञार्थी रूपाशिवायही व्यक्त होतात. 'यू विल रिपोर्ट टू द ऑफिस अ‍ॅट टेन' हे वाक्य रूपाने विधानार्थी आहे, पण ती स्पष्ट आज्ञा आहे. 'कुड यू क्लोज द विंडो?' हे रूपाने प्रश्नार्थी आहे, पण ऐकणारा 'होय, मला खिडकी बंद करता येते' असे उत्तर देऊन स्वस्थ बसला तर तो थट्टेखोर ठरेल. दुसरे कारण असे की, आज्ञार्थी रूप यादीबाहेरचे अर्थही व्यक्त करते. 'गेट वेल सून' ही आज्ञा नव्हे. बरे होणे रुग्णाच्या हातात नसते. ती शुभेच्छा आहे. 'टच दॅट वायर अँड यू विल गेट अ शॉक' या वाक्यात तारेला हात लावण्याची आज्ञा नाही, उलट धोक्याचा इशारा आहे. मराठीतही आपण 'हात लाव, म्हणजे कळेल' असे म्हणतो, आणि कोणतेही शहाणे मूल ती परवानगी समजत नाही.

जे. एल. ऑस्टिन यांची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे हीच एक कृती आहे, हा विचार त्यांमुळे भाषाभ्यासात रुजला. पुढे जॉन सर्ल यांनी १९७५ मध्ये अप्रत्यक्ष वाक्कृतींची मीमांसा केली. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणात आज्ञार्थी हा वाक्यप्रकार आणि निर्देश हे भाषिक कार्य यांना वेगवेगळी नावे दिली आहेत. हडलस्टन व पुलम यांनी २००२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. इंग्रजी क्रियापदाला आज्ञार्थाचे स्वतंत्र रूपच नाही, तेथे क्रियापदाचे साधे मूळ रूप वापरले जाते; म्हणून आज्ञार्थ हा क्रियापदाचा अर्थ नसून वाक्याचा प्रकार आहे, असे त्यांनी दाखवले. विद्वानांच्या जगात रूप आणि कार्य यांची ही फारकत झाली. आपल्या वर्गात मात्र ती आजही पुरेशी पोहोचलेली नाही.

३. सरावप्रश्नांमधील विसंगती

व्याख्येतील हा गोंधळ सरावप्रश्नांत अधिक ठळक होतो. तीन नमुने पाहू.

(अ) वाक्यरूपांतर : 'यू शुड कन्सल्ट अ डॉक्टर' या विधानाचे आज्ञार्थी रूप म्हणून 'कन्सल्ट अ डॉक्टर' हे उत्तर अपेक्षित असते. अर्थ न बदलता रूपांतर करा, अशी सूचना असते. परंतु विद्यार्थ्याने शिक्षकांना पहिले वाक्य म्हणणे आणि दुसरे म्हणणे यांत अर्थाचा नसला तरी नात्याचा मोठा फरक पडतो. त्याचा उल्लेखही न करता दोन्ही वाक्ये समान मानली जातात.

(आ) प्रयोगबदल : 'क्लोज द डोअर' याचे 'लेट द डोअर बी क्लोज्ड' असे कर्मणी रूप पाठ करून घेतले जाते. दार बंद करवून घेण्यासाठी असे बोलणारा इंग्रजी भाषक सहसा भेटणार नाही. येथे भाषा प्रश्नपत्रिकेसाठी घडवली जाते. 'यू आर रिक्वेस्टेड टू' हे रूप मात्र आपल्याकडील सूचनाफलकांवर आणि परिपत्रकांत जिवंत आहे. कार्यालयीन मराठीतील 'विनंती करण्यात येते' याचे ते भावंडच होय.

(इ) अप्रत्यक्ष कथन : 'ही सेड टू मी, वेट हिअर' याचे रूपांतर करताना 'ऑर्डर्ड', 'रिक्वेस्टेड', 'अ‍ॅडव्हाइज्ड' किंवा 'टोल्ड' यांपैकी एक क्रियापद निवडावे लागते. कशाच्या आधारे? 'वेट हिअर' या दोन शब्दांत त्याचे उत्तर नाही. बोलणारा पोलीस आहे की मित्र, यावर ते अवलंबून आहे. प्रश्नात 'प्लीज' असेल तर 'रिक्वेस्टेड' लिहावे, ही युक्ती विद्यार्थ्याला दिली जाते. पण परीक्षा संपल्याचे सांगणारा पर्यवेक्षक 'स्टॉप रायटिंग, प्लीज' म्हणतो तेव्हा ती विनंती नसते. शालेय व्याकरणात वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांचा विचार अटळ ठरावा अशी ही एक चांगली जागा आहे, आणि नेमकी तीच यांत्रिक करून टाकलेली आहे.

विशेष म्हणजे ज्या प्रश्नपत्रिकेत हे प्रश्न असतात तीच आज्ञार्थी वाक्यांनी भरलेली असते : 'आन्सर एनी थ्री', 'एक्सप्लेन', 'गिव्ह रीझन्स'. तेथे 'प्लीज' नसते आणि कोणाला अपमानही वाटत नाही. पाककृती, औषधाच्या बाटलीवरील सूचना, यंत्राची माहितीपुस्तिका, रस्ता सांगणे या ठिकाणीही हेच घडते. वाचणाऱ्याला आपले काम साधायचे असते आणि सांगणारा त्याला मदत करतो, म्हणून तेथे साधे मूळ रूपच योग्य असते. हा जिवंत नमुना हाती असताना तो उदाहरण म्हणून क्वचितच वापरला जातो.

४. मराठीची आदरव्यवस्था आणि इंग्रजीचे एकच रूप

मराठी व्याकरणाने आज्ञार्थ आणि विध्यर्थ हे क्रियापदाचे वेगळे अर्थ मानले आहेत. 'बस', 'बसा', 'बसावे', 'बसता का', 'बसाल का' अशी चढती श्रेणी मराठी भाषकाच्या जिभेवर असते. निषेधातही 'जाऊ नको', 'जाऊ नका', 'जाऊ नये' असा क्रम आहे. लहान मूलही आजोबांशी आणि धाकट्या भावाशी बोलताना योग्य पायरी निवडते. म्हणजे प्रसंग ओळखून रूप निवडण्याची क्षमता विद्यार्थ्याकडे आधीपासूनच असते.

इंग्रजीत 'बस', 'बसा' आणि 'बसावे' या तिन्हींसाठी क्रियापदाचे रूप एकच : 'सिट'. कर्ता 'यू' बहुधा अध्याहृत असतो आणि तोही एकवचन-अनेकवचन, लहान-थोर असा भेद करत नाही. त्यामुळे आदर अन्य मार्गांनी आणावा लागतो : प्रश्नरूप, 'कुड' व 'वुड' ही साहाय्यक क्रियापदे, कारण देणे, संबोधन, आवाजाची पट्टी. भाषांतर पद्धतीत शब्दाला शब्द ठेवला जातो. 'द्या' मधील अनेकवचनी आदराला समोर शब्दच नसल्याने तो निसटतो. ही उणीव 'प्लीज' किंवा 'काइंडली' लावून भरून काढण्याचा प्रयत्न होतो, आणि मग 'काइंडली ग्रँट मी लीव्ह अँड ओब्लाइज' असा साचेबंद मजकूर तयार होतो. त्यात नम्रता दिसते, निवड दिसत नाही.

जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये मांडलेला लाभ आणि भार यांचा निकष येथे उपयोगी ठरतो. सांगितलेल्या कृतीचा भार ऐकणाऱ्यावर पडत असेल तर आडवळणाचे रूप सौजन्याचे ठरते. लाभ त्याचाच असेल तर सरळ आज्ञार्थच अधिक प्रेमळ असतो. 'हॅव सम मोअर', 'कम इन', 'टेक केअर' यांना 'प्लीज' लागत नाही. पंगतीत 'अजून एक पोळी घ्या' असा आग्रह करणारी गृहिणी हेच तत्त्व पाळत असते. तेथे 'आपण आणखी एक पोळी घेऊ शकाल का' असे कोणी विचारले तर पाहुणा पोळी नको म्हणेल!

मराठीचा आधार रूपाच्या पातळीवरही मिळतो. 'लेट्स गो' आणि 'लेट अस गो' यांतील फरक इंग्रजीतून समजावणे कठीण जाते. मराठीत 'आपण जाऊ या' आणि 'आम्हाला जाऊ द्या' असे म्हटले की तो तत्काळ उलगडतो, कारण ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि वगळणारे 'आम्ही' हा भेद मराठीत आहे. औपचारिक इंग्रजीत 'लेट अस' दोन्ही अर्थांनी येते, एवढी पुस्ती जोडावी. याउलट 'उशीर करू नका' याचे 'डोन्ट लेट' होते, तेव्हा 'लेट' हे येथे विशेषण असून त्याला 'बी' हवे, हे सांगावे लागते. 'बी' च्या नकारासाठी एरवी 'डू' येत नाही. 'डोन्ट बी लेट' मध्ये मात्र ते येते. अशा जागी नियम शिकवण्याला पर्याय नाही.

५. एक आक्षेप आणि एक सावधगिरी

शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रसंगानुरूप भाषा शिकवणे शक्य नाही, आधी नियम पक्के होऊ द्यावेत, असा आक्षेप घेतला जाईल. पण येथे नियम फारच थोडे आहेत : मूळ रूप, अध्याहृत कर्ता, 'डोन्ट' आणि 'लेट'. एका तासिकेत ते संपतात. उरलेले सारे वापराचेच आहे. वापर पुढे ढकलणे म्हणजे विषयच पुढे ढकलणे होय.

सावधगिरी अशी की, इंग्रजीतील आडवळण म्हणजे सभ्यता आणि मराठीतील सरळपणा म्हणजे असभ्यता, असा समज वर्गात पसरू नये. आना विएर्झबिका यांनी १९८५ मध्ये पोलिश आणि इंग्रजी यांची तुलना करून नेमका हाच मुद्दा मांडला. इंग्रजी जेथे प्रश्नरूप वापरते तेथे पोलिशमध्ये आज्ञार्थ सहज चालतो. म्हणून इंग्रजीचे संकेत हे सर्व भाषांचे सौजन्यनियम मानता येत नाहीत. 'द्या' म्हणणारा विद्यार्थी उद्धट नाही. त्याच्या भाषेने आदर वेगळ्या जागी ठेवला आहे, इतकेच.

६. अध्यापनाची दिशा

प्रत्येक आज्ञार्थी वाक्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : कोण कोणाला सांगत आहे? लाभ कोणाचा? नकार देण्याची मोकळीक किती? एकच मागणी, उदाहरणार्थ पुस्तक मागणे, मित्राकडे, ग्रंथपालांकडे, अनोळखी सहप्रवाशाकडे आणि धाकट्या बहिणीकडे कशी कराल, हे प्रथम मराठीत व नंतर इंग्रजीत लिहून घ्यावे. अप्रत्यक्ष कथनाच्या प्रश्नात वक्ता व श्रोता यांचा उल्लेख असावा आणि निवडलेल्या क्रियापदाचे कारण एका वाक्यात मागावे. याला वेगळा निधी वा साधने लागत नाहीत. प्रश्न तयार करणाऱ्याने एक ओळ अधिक लिहिणे पुरेसे आहे.

७. समारोप

आज्ञार्थी वाक्य हा व्याकरणातील सोपा घटक समजला जातो आणि लवकर उरकला जातो. प्रत्यक्षात नोकरीचा अर्ज, कार्यालयातील संदेश, मुलाखतीतील संवाद अशा जागी विद्यार्थ्याची पारख याच वाक्यांवरून होते. वाक्य बिनचूक असूनही तो नाकारला जातो, तेव्हा नकाराचे कारण त्याला कळत नाही, कारण ते त्याच्या पुस्तकात नसते. मराठीने त्याला नाते ओळखून बोलायला शिकवलेले आहे. ती जाण इंग्रजीत कोणत्या रूपांनी व्यक्त करावी, एवढेच त्याला शिकवायचे आहे, आणि ते काम इंग्रजीच्या शिक्षकाचे आहे.