'कोर्ट' : लाच नसलेला अन्याय

भारतातल्या कोर्टकचेऱ्यांचा विषय निघाला की आपल्या मंडळींचे एक ठरलेले वाक्य असते : "तिथे पैसे चारल्याशिवाय काही होत नाही." चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) या समजुतीला चांगलाच धक्का देतो. व्हेनिसला पारितोषिक, नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ, एवढा गाजावाजा झाल्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो लावला आणि "फारच संथ बुवा" म्हणून अर्ध्यावर सोडला. तो पुन्हा, शेवटपर्यंत पाहावा अशी माझी विनंती आहे.

लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. पोलिसांचा एक ठेवणीतला साक्षीदार सोडला तर इथे भ्रष्टाचार म्हणावा असे काही दिसतच नाही. टेबलाखालून एकही नोट सरकत नाही. न्यायाधीश नियमाला धरून वागतात. इतके की, बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या बाईंची केस ऐकायलाही नकार देतात. तारखा मात्र पडत राहतात.

सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) ही या चित्रपटाची खरी कमाई. लोकलने घरी जाताना साडीच्या गप्पा, मुलाला आणणे, नवऱ्याचा मधुमेह, स्वयंपाक. ती आपल्याच नात्यातली वाटते. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी बोलताना म्हणून जाते की द्यावीत वीस वर्षे ठोकून, तेच तेच चेहरे पाहून कंटाळा येतो. तिच्या मनात कांबळ्यांविषयी आकस नाही. मला सर्वांत घाबरवले ते यानेच. सुट्टीच्या दिवशी ती सहकुटुंब नाटकाला जाते. परप्रांतीयाला घराबाहेर हाकलल्यावर प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. आपल्याकडच्या कार्यक्रमांतही अशा विनोदांना हशा मिळतो. इथे परप्रांतीय आपणच आहोत, हे तेवढ्यापुरते विसरायला होते!

भाषेचा प्रश्नही ताम्हाणे यांनी नेमका पकडला आहे. बचावाच्या वकिलाला मराठी नीट येत नाही, कायद्याची कलमे इंग्रजीत भराभर वाचली जातात आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो गप्प उभा असतो. पवारबाईंची साक्ष तेवढी सरळ. नवरा आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजून उतरायचा. साक्षीनंतर वकील पैसे देऊ करतो, तर ती काम मागते. ही भूमिका उषा बने यांनी केली आहे; त्यांचे पतीही हेच काम करीत. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्येच सांगितले होते. २०२३ मध्ये रक्कम तीस लाख केली. चित्रपटातल्या कोर्टात तिला काय मिळायला हवे, हा प्रश्न कुणी विचारीत नाही.

कथा अतिरंजित वाटत असेल तर कबीर कला मंचाचे सचिन माळी आठवावेत. एप्रिल २०१३ मध्ये ते पोलिसांच्या स्वाधीन झाले. जामीन मिळाला जानेवारी २०१७ मध्ये.

तरी चित्रपटात उणिवा आहेत. वकील, न्यायाधीश यांच्या घरादारात, सहलीत आपण हिंडतो. कांबळ्यांच्या घरी मात्र फारसे जात नाही. शाहीर त्यामुळे माणसापेक्षा निमित्तच जास्त राहतो. न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या पोराला थोबाडीत मारतो तो शेवटचा प्रसंगही मला ठरवून आणलेला वाटला. इतका संयम दाखवल्यावर ही बोट दाखवण्याची गरज नव्हती.

"भारत आहे, चालायचेच," असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच पेनसिल्व्हेनियातले उदाहरण देतो. स्टेट कॉलेजच्या पूर्वेला असलेल्या लुझर्न काउंटीत दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून सुमारे अठ्ठावीस लाख डॉलर घेतल्याचे २००९ मध्ये उघड झाले. तिथे तारखा पडत नव्हत्या. काही मिनिटांत, पुष्कळदा वकिलाशिवायच, मुलांची रवानगी होत असे. पैसे खाल्ले म्हणून ते न्यायाधीश पकडले तरी गेले. 'कोर्ट'मधल्या कुणाला कोणत्या कलमाखाली पकडणार?

मंडळाने यंदा एका शनिवारी हा चित्रपट लावावा. इंग्रजी उपशीर्षके आहेत, त्यामुळे कॉलेजातल्या मुलांनाही आणता येईल. चर्चेला मात्र तासभर राखून ठेवावा.