९९ टक्के, पण कशाचे?

तुम्ही कम्प्युटर सायन्सला असाल किंवा तुमचा रूममेट असेल, तर हा प्रोजेक्ट तुम्ही पाहिलाच असेल: मेंदूचे एमआरआय, तीन प्रकारच्या गाठी, एक न्यूरल नेटवर्क आणि शेवटी ठळक अक्षरांत ९९ टक्के अचूकता. मास्टर्सला असताना मीही तो केला. घरी फोन करून सांगितलं, तर आईने विचारलं, "म्हणजे आता डॉक्टर नकोत का रे?" तेव्हा मी नुसता हसलो होतो.

अशा बऱ्याच पेपरांचा कच्चा माल एकच असतो. चीनमधल्या ग्वांगझू आणि तियांजिनच्या हॉस्पिटलांतून २००५ ते २०१० दरम्यान जमवलेल्या ३,०६४ प्रतिमा: ग्लायोमाच्या १,४२६, पिट्युइटरी ट्यूमरच्या ९३०, मेनिंजिओमाच्या ७०८. भरपूर वाटतात ना? पण पेशंट किती? फक्त २३३. म्हणजे प्रत्येकाच्या सरासरी तेरा प्रतिमा. एमआरआय डोक्याचे ब्रेडसारखे स्लाइस दाखवतो आणि शेजारचे दोन स्लाइस जवळपास सारखेच दिसतात. सगळे पिसून ८०-२० वाटणी केली की एकाच माणसाचे काही स्लाइस शिकवणीत जातात, काही परीक्षेत. हा पेपर फुटलाय! संच बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी प्रत्येक प्रतिमेसोबत पेशंटचा क्रमांक दिलाय, आपणच तो वापरत नाही. मी पेशंटनुसार वाटणी करून पाहिली, तेव्हा माझे ९९ खाली आले.

समजा वाटणी नीट केली. तरी मला दुसरी गोष्ट जास्त खटकते: प्रश्नच सोपा निवडलाय. पिट्युइटरी ग्रंथी मेंदूखाली हाडाच्या खाचेत असते. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो आणि मेंदूला बाहेरून ढकलतो. ग्लायोमा मेंदूच्या आतला. म्हणजे नुसत्या जागेवरूनही रेडिओलॉजिस्टला बराच अंदाज येतो.

त्यांना अडवतं ते वेगळंच. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कड्यासारखी चमकणारी गाठ ग्लायोब्लास्टोमा असू शकते, फुफ्फुसातून किंवा स्तनातून पसरलेला कॅन्सर असू शकतो, पू असू शकतो. आपल्याकडे भारतात तर टीबीची गाठसुद्धा. लिम्फोमाही कधी कधी फसवतो. उपचार मात्र पूर्ण वेगळे. ग्लायोब्लास्टोमा शक्य तितका काढतात. लिम्फोमात सहसा बायोप्सी करून औषधं देतात, आणि बायोप्सीआधीच स्टेरॉइड दिलं तर निदानच हुकू शकतं. टीबीला कित्येक महिने गोळ्या. म्हणूनच डॉक्टर डिफ्युजन बघतात, पर्फ्युजन बघतात, ताप आणि जुना आजार विचारतात. आपल्या मॉडेलकडे एक स्लाइस आणि तीन खोकी. टीबीची गाठ दाखवली तरी ते तिला तिन्हीपैकी एका खोक्यात टाकणार, तेही छातीठोकपणे.

मग एमआरआयवरून काहीच कळत नाही? कळतं की! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात मोठ्या माणसांतल्या ग्लायोमाचं नाव ठरवताना आयडीएचसारखे जनुकीय बदल बघावे लागतात आणि ते स्कॅनमध्ये थेट दिसत नाहीत. पण काही गाठी टी२ प्रतिमेत पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि फ्लेअरमध्ये कडा सोडून काळसर. ही खूण दिसली तर आयडीएच बदललेला अॅस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता खूप मोठी. नाही दिसली तर मात्र काहीच ठरत नाही. मर्यादेसकट सांगितलेली ही एक खूण मला आपल्या ९९ टक्क्यांपेक्षा जास्त कामाची वाटते.

तर पुढचा पेपर वाचताना किंवा स्वतःचा लिहिताना तीन गोष्टी विचारा. वाटणी पेशंटनुसार केली का? दुसऱ्या हॉस्पिटलच्या मशीनवर तपासलं का? आणि "मला माहीत नाही" म्हणायची सोय मॉडेलला आहे का?

आईला मी आता सांगितलंय: डॉक्टर हवेतच.