खोली लहान, रात्रही लहान: गॅरेज पंक कुठे आणि कसं ऐकावं

आजचा विषय गॅरेज पंक. तोही रेकॉर्डवरचा नाही, तर लहानशा जागेत समोर उभं राहून ऐकलेला. आम्ही काही जण गेली काही वर्षं अशा रात्री ऐकत आलो आहोत. मनोरीत येऊन यावर बोलायला आम्हाला कारण आहे, ते ओघात येईलच.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की स्कूटर दुरुस्त करणारा मेकॅनिक आठवतो. अमेरिकेत घराला जोडून गाडी ठेवायची खोली असते. साठच्या दशकात तिथली विशीच्या आतबाहेरची पोरं त्या खोलीत गिटार-ड्रम घेऊन वाजवायला लागली, आणि त्यावरून हे नाव पडलं. १९६३ साली पोर्टलंडच्या द किंग्समेनने 'लुई लुई' रेकॉर्ड केलं. त्याचे शब्द इतके पुसट होते, की अश्लीलतेच्या तक्रारीवरून एफबीआयने चौकशी केली आणि शेवटी 'काही कळत नाही' असं म्हणून सोडून दिली. १९७२ साली लेनी के याने अशा विसरल्या चाललेल्या बँडांची गाणी 'नगेट्स' या संग्रहात एकत्र केली. सोबतच्या टिपणात त्याने 'पंक रॉक' हा शब्द वापरला. न्यूयॉर्कच्या सीबीजीबीमधलं पंक त्यानंतरचं.

हे सगळं तिकडचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर संबंध आहे. १९७० आणि १९७१ साली सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही बँडांची स्पर्धा झाली. देशभरातल्या बँडांची गाणी दोन एलपींवर निघाली. विकायची होती सिगारेट, उरलं मात्र संगीत. पुढे त्या रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाल्या आणि गॅरेजचे शौकीन त्या हुडकून ऐकू लागले. त्यातली फुटकी, घाईची गिटार ऐकली की कळतं, की हा आवाज आपल्याकडे पन्नासहून अधिक वर्षं आहे. आपण मात्र त्याची नोंद 'नकला' या खात्यात केली.

असं का झालं? आमच्या मते दोष आपल्या मापात आहे. मराठीत गाण्याबद्दल लिहिताना आपण पहिला शब्द काढतो तो 'तयारी'. रियाज किती, सूर किती पक्का, लय किती हुकमी. ही मापं खोटी नाहीत, पण ती इथे लागत नाहीत. तीन कॉर्डचं दोन मिनिटांचं गाणं तयारी दाखवण्यासाठी नसतंच. कवितेत हे आपल्याला कधीच कळलं होतं. सायक्लोस्टाइल करून, पदरमोड करून काढलेली लघुअनियतकालिकं आपण कागदाच्या पोतावरून जोखली नाहीत. ढसाळांच्या 'गोलपिठा'ला आपण प्रमाणभाषेच्या परीक्षेला बसवलं नाही. तोही १९७२ चाच.

मग इथे काहीही चालतं का? मुळीच नाही. चांगलं आणि वाईट इथेही आहे, फक्त ते वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं. एखादी रात्र डोळ्यांसमोर आणा. साठ-सत्तर माणसं, बुटका रंगमंच किंवा तोही नाही. ड्रमचा धक्का कानाच्या आधी छातीला कळतो. गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. मध्येच तार तुटते. आता बघायचं ते हे: तार तुटल्यावर बँड काय करतो? चांगला बँड थांबत नाही. उरलेले दोघं गाणं धरून ठेवतात आणि गर्दी ओरडून भर घालते. चूक झाली की ती सगळ्यांची होते. वाईट बँड थांबतो, माफी मागतो, फोन बघतो. दुसरा एक प्रकार आम्हाला जास्त खटकतो. महागड्या यंत्रांतून मोजूनमापून आणलेला खरखरीतपणा. त्यात पडण्याची भीतीच नसते. म्हणून विचारायचं ते एवढंच, की यात धोका आहे का, आणि तो आपल्यापर्यंत पोचतोय का? पंधरा फुटांवरून हे दिसतं, दीडशे फुटांवरून दिसत नाही. लहान खोली ही या संगीताची गैरसोय नाही. ते त्याचं एक वाद्यच आहे.

मुंबईच्या बँडांना हे कळतं. द रायट पेडलर्सच्या ईपीचं नाव 'सरकार्झम'. सरकार आणि सार्कॅझम यांची ही जोडकोटी इथल्याच माणसाला सुचावी. द लाइटइयर्स एक्स्प्लोडचा २०१३ चा अल्बम 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण'. नाव ऐकताच १९७६ चा हिंदी सिनेमा आठवतो. ही नावं इथली आहेत. गाण्यांची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजी, आणि ऐकणारेही बहुतेक इंग्रजीतले. इंग्रजीत गाणं हा गुन्हा नाही; अरुण कोलटकरांनीही इंग्रजीत गाणी लिहिली. पण मराठी शाळेतल्या पोराला या खोलीचं दार सापडतच नसेल, तर त्याच्या भाषेतलं गाणं येणार कुठून?

दाराचाच मुद्दा खरा आहे. उघड्यावरचं रॉक आपण हळूहळू बंद केलं. धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात येतं म्हणून गप्प झालं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद आहे, आणि आजारी माणसाच्या बाजूने विचार केला तर ते योग्यच आहे. बंदिस्त जागेला सूट आहे. पण मुंबईत बंदिस्त जागेचं भाडं काढायचं तर बार चालवावा लागतो. बार आला की दारावर वय विचारलं जातं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ पूर्ण लागतात. म्हणजे सतरा-अठराच्या पोरांनी जन्माला घातलेलं संगीत आपण अशा जागी नेऊन ठेवलंय, जिथे सतरा-अठराच्या पोरांना प्रवेश नाही. शिवाय बारचा धंदा उशिरा रंगतो, म्हणून बँडही उशिरा चढतो. मग विरार-कल्याणकडे जाणारी मंडळी शेवटच्या लोकलसाठी अर्ध्यातून निघतात. या संगीताचा कस इथे लागतोय. बँड संपत नाहीत. त्यांना पुढचा ऐकणारा मिळत नाही.

आता मनोरी. इथे शेवटची बोट चुकली की मार्वे समोर दिसत असूनही उत्तन-भाईंदरचा वळसा पडतो. ही अडचण आहे, पण तिच्यातच उत्तर आहे. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. तीन बँड, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये सामान बदलायला वेळ. सहाला सुरू करा, साडेआठला सगळं आवरतं. गॅरेज पंकला रात्र लागतच नाही, रात्र लागते ती बारला. अमेरिकेतले ते जुने बँडही शाळा आणि चर्चच्या हॉलमध्येच वाजवत होते.

आणि जवळून ऐकणं या गावाला शिकवावं लागत नाही. ईस्ट इंडियन लग्नात ब्रास बँड हाताच्या अंतरावर वाजतो. तिथे कुणी तयारी मोजत बसत नाही. पाय हलतात की नाही, एवढंच बघतात. गावठाणातला एखादा हॉल, दारं-खिडक्या लावलेल्या, दारू नाही, तिकीट वडापाव-चहाच्या पैशात, आणि पुढच्या रांगेत दहावीतली पोरं. आमची मागणी एवढीच आहे. ती पोरं घरी जाऊन कुठल्या भाषेत ओरडतील, ते आपण आज ठरवू नये.

आता प्रश्न घेऊ.